लॉकपाशी अडकलोय, लवकर मदत हवी आहे

काठावरचा_नाना: दीड तास झाला, लॉकच्या (धरणाशेजारची दारांची कोठडी, पाणी भरून-सोडून बोटी वर-खाली करते ती) खालच्या अंगाला बोट थांबवून उभा आहे. दिवा लाल तो लालच. हॉर्न चारदा वाजवून झाला. पोरं कंटाळलीत. सासरे पाटबंधाऱ्यातून निवृत्त, दर पाच मिनिटांनी ‘दार अडकलंय’ म्हणतात. काय करू? बॅटरी २१ टक्के.

मोरपंखी: कुठली नदी? कितवा लॉक?

काठावरचा_नाना: मिसिसिपी, दुसरी कुठली! बेटेनडॉर्फहून लेक्लेअरला निघालोय.

डेकहँड_दादा: म्हणजे १४ नंबर. पुढे टो, म्हणजे ढकलबोटीने रेटलेला मालवाहू बार्जांचा ताफा, आहे का?

काठावरचा_नाना: बार्जांची माळ आहे ना. निम्मी आत, निम्मी बाहेर. आम्ही आलो तेव्हापासून तेच चाललंय.

डेकहँड_दादा: अहो, मग हे आधी सांगायचं! १५ बार्जांचा टो ढकलबोटीसकट १२०० फुटांच्या घरात जातो आणि लॉक ६०० फुटी. मधोमध तोडून आधी ९ बार्ज चढवतात, मग उरलेले ६ आणि बोट. एकूण दीड-दोन तास. मालवाहूंचा मान पहिला, हौशी बोटी नंतर.

ताम्हणकाकू: मुलांना बोट लागत असेल तर आवळासुपारी द्या.

काठावरचा_नाना: काकू, बोट लागत नाहीये, बोट *हलत* नाहीये.

सरळमार्गी: एक लांब, एक आखूड असा हॉर्न द्यायचा. तुम्ही नुसता ठणाणा केला असणार.

डेकहँड_दादा: हॉर्न सोडा. रेडिओ लावा, चॅनेल १४.

काठावरचा_नाना: रेडिओ नाही.

सरळमार्गी: रेडिओशिवाय मिसिसिपीत? धन्य.

डेकहँड_दादा: मग भिंतीच्या टोकाशी छोट्या बोटींसाठी दोरी लोंबत असते, ती ओढा.

कोयनाकाठ: सासऱ्यांचं बरोबर आहे, दारंच कुचकामी. लॉकांसोबत नदीवर एवढी धरणं बांधून पूर येतोच की. कोयनेत १०५ टीएमसी साठतं, तिथून शिका.

डेकहँड_दादा: ही साठवणीची धरणं नाहीतच. १९३० साली ९ फूट खोल जलमार्ग मंजूर झाला, त्यासाठी नदीला पायऱ्या केल्या. पूर आला की दारं पार वर उचलून नदी मोकळी सोडतात.

कोयनाकाठ: म्हणजे ऐन पुरात उपयोग शून्य. तेच म्हणतोय मी.

सरळमार्गी: गाळणीत पाणी का साठत नाही, असं विचारताय.

मांडवीकर: आमच्या गोव्यात खनिजाचे बार्ज भरती-ओहोटी बघून जायचे. लॉकबिक काही नाही. (अवांतराबद्दल क्षमस्व.)

काठावरचा_नाना: दोरी सापडली! शेवाळ्याने बुळबुळीत झाली होती, पोरगी म्हणाली ‘ईऽऽ’, पण ओढली तिनेच. वरून एकाने हाताने खुणावलं: हा टो गेला की तुम्ही.

डेकहँड_दादा: आत गेल्यावर वरून दोर देतील. हातात धरा, कडीला बांधू *नका*. पाणी ११ फूट चढतं, बांधलेली बोट तिथेच लटकेल. आणि सगळ्यांना जॅकेटं.

काठावरचा_नाना: हिरवा! आत आलो. सासरे गप्प, भिंत ओली कुठवर आहे ते बघतायत. धाकटा विचारतोय, पंप कुठेय?

डेकहँड_दादा: पंप नाही. वरच्या बाजूची झडप उघडली की पाणी उताराने आपोआप येतं.

काठावरचा_नाना: चढतोय, चढतोय. बॅटरी ४. परतीलाही हाच लॉक लागेल का?

सरळमार्गी: नाना, नदी तीच आहे.