सरड्याचा हात युरोकांच्या नावावर का?

केतकी: ‘युरोक आदिवासींची श्रद्धा’ म्हणून कॅलिफोर्नियातली एक कथा सध्या एका पोस्टमधून फिरतेय. माणसाचा हात कसा असावा यावरून कायोटी (तिकडचा कोल्ह्यासारखा प्राणी) आणि सरड्याची जुंपते. कायोटीला हवी आपल्यासारखी मूठ. सरडा म्हणतो, माझी पाच बोटं द्या. सरड्याचं चालतं. त्यावर कायोटी म्हणतो, असं का? मग माणसांनी मरायलाही हवं. कथा झकास, पण ती योकुट्स लोकांची. मानववंशशास्त्रज्ञ क्रोबरने १९०७ मध्ये छापलेली, सॅन वाकीन खोऱ्याकडची. युरोक राहतात क्लॅमथ नदीच्या मुखाजवळ, रेडवूडच्या जंगलात. मधे सहाशेच्या आसपास किलोमीटर!

सदानंद: एवढा कीस कशाला? कथांना कुठे हद्द असते? तिथल्याच मिवोक लोकांतही सरड्याच्या हाताची गोष्ट आहेच. आणि युरोक, कारुक, हूपा बघा. तिघांच्या भाषा तीन वेगळ्या कुळांतल्या, तरी घरं, सॅमनची मासेमारी, नाच-उत्सव जवळपास सारखे.

केतकी: ते सख्खे शेजारी, आपसात सोयरीक असलेले. युरोक-योकुट्सांचं असं काही दाखवा, मग बोलू.

मृण्मयी: त्या पोस्टवरचा फोटो कुणी नीट पाहिला का? तो सरडा नाहीच, सॅलॅमँडर आहे, म्हणजे बेडकासारखा उभयचर. खरबरीत तपकिरी पाठ, नारिंगी पोट, तिकडचा न्यूट. पुढच्या पायाची बोटं मोजा, चार! नख्याही नाहीत. याचा हात घेतला असता तर आपली करंगळी गेली असती :) वर कातडीत टेट्रोडोटॉक्सिन, म्हणजे आपल्या केंड माशातलंच विष.

सदानंद: फोटो चुकला, मान्य. पण बोटं मोजून श्रद्धा ठरते का?

अनिरुद्ध: ठरत नाही, पण या कथेचा जीवच पाच बोटांत आहे. आणि युरोकांचं प्राण्यांकडे बघणं समजून घ्यायचं तर त्यांच्या भाषेतून या. माणसं मोजायचे अंक वेगळे, पशुपक्ष्यांचे वेगळे, गोल वस्तूंचे आणखी वेगळे. आपलं दोन-दोघे त्यापुढे किरकोळ. भाषाशास्त्रज्ञ सापिरने १९१३ मध्ये या भाषेचं नातं थेट अल्गोंक्वियन भाषांशी, म्हणजे खंडाच्या पार पूर्वेकडे पसरलेल्या भाषाकुळाशी जोडलं, त्यावर पुढे कितीतरी वर्षं भांडणं झाली. हे सगळं सोडून ‘आदिवासी’ असा एकच शिक्का मारायचा, हा आळस आहे.

सदानंद: मग युरोकांची सरड्याची कथा सांगा की! नुसतं ‘ही त्यांची नाही’ कोण वाचणार?

केतकी: युरोक माणसं आज तिथल्या शाळांमधून आपली भाषा शिकवताहेत. त्यांची कथा त्यांच्या तोंडून येऊ दे. तोवर योकुट्सांची गोष्ट योकुट्सांच्या नावाने खुशाल फिरवा, अडवलंय कुणी?