'मधलं नाव' हा शब्द मराठीत आहे का?

ऑफिसात एका फॉर्मचं मराठी करायचं काम माझ्या गळ्यात पडलंय. 'मिडल नेम'समोर मी 'मधलं नाव' टाकलं तर बाजूच्या टेबलवरचा म्हणाला असं काही नसतं, 'वडिलांचे/पतीचे नाव' लिही. बरोबर आहे त्याचं, पण मग तो मिडल नेमचा अर्थ राहत नाही ना. इंग्रजी मिडल नेम त्या माणसाचं स्वतःचंच आणखी एक नाव, नसलं तरी अडत नाही, अमेरिकेच्या हॅरी ट्रूमन यांच्या नावातला 'एस' तर कशाचाच एस नव्हता, नुसतंच अक्षर. आपल्याकडे मधे दुसराच माणूस बसलेला असतो. भीमराव रामजी आंबेडकर, म्हणजे रामजींचे भीमराव, फक्त 'चे' गळालंय. पुलंमधला 'ल'सुद्धा वडलांचा, लक्ष्मण. तर या जागेला जुना शब्द काय होता?

प्रतिसाद:
जागेला शब्द माहीत नाही पण त्या गळालेल्या 'चा'ला होता. जुने जमिनीचे कागद काढून बघा, 'अमुक बिन तमुक' असं सापडेल, कुठे 'वल्द'. दोन्हीचा अर्थ मुलगा, दोन्ही अरबीतून आलेले. बाईच्या नावापुढे 'कोम', म्हणजे बायको, विदर्भात 'जौजे'. मी लहानपणी पणजोबांच्या नावातलं 'बिन' वाचून बिनसाखरेचा चहा तसं समजायचो, म्हणजे बापाशिवायचे पणजोबा :)

प्रतिसाद:
लालबागला आमच्या चाळीत एकाच मजल्यावर दोन संतोष, आडनाव पण तेच. पाकिटावर नुसतं नाव-आडनाव असलं की पोस्टमन खालूनच ओरडायचा "कुठला संतोष?", आणि वरून कोणीतरी "दत्तारामचा की तुकारामचा ते बघा आधी". शेवटी ते संतोष दत्ताराम आणि संतोष तुकारामच झाले, आडनाव गेलं उडत. त्यामुळे उपयोग काय असं कोणी विचारू नका.

आजीचा किस्सा वेगळाच. रेशनच्या खिडकीवर क्लार्कने पूर्ण नाव विचारलं, तिने स्वतःचं सांगितलं, आडनाव सांगितलं, मधलं काही येईना. नवऱ्याचं नाव तोंडाने कसं घेणार, तो काय उखाणा होता? मला कोपराने ढोसून म्हणाली, "सांग ना रे तुझ्या आजोबांचं." मागे ही लांब लाईन, पण एकही बाई हसली नाही.

मूळ प्रश्न विचारणारा:
बिन आणि कोम भारीच, धन्यवाद. पण फॉर्मचा घोळ वाढलाय, कारण १ मे २०२४ नंतर जन्मलेल्यांच्या सरकारी कागदांवर आईचं नावही लागतं, क्रम असा की मुलाचं, मग आईचं, मग वडलांचं, मग आडनाव. भन्साळींनी आईचं नाव, लीला, आधीच लावून ठेवलंय पण त्यांच्यात मधे एकच आहे. इथे मधे दोन. माझी भाची त्याच जूनमधली, तिचं नाव लिहून बघितलं तर माझ्या फॉर्ममधली चौकट आईच्या नावातच संपली. आता 'आईचे नाव' आणि 'वडिलांचे नाव' अशा दोन चौकटी करतोय आणि 'मधलं' खोडून टाकतोय. बाजूच्या टेबलवाल्याला सांगणार नाहीये अजून.