मदत हवी आहे: ‘सरवा वेचणे’ या अर्थाचं ग्रीक क्रियापद कालामाओमाइ

नमस्कार. सेप्टुअजिंट, म्हणजे जुन्या कराराचं प्राचीन ग्रीक भाषांतर, हळूहळू वाचतोय आणि त्यातल्या यशया या पुस्तकात ३:१२ ला अडकलोय. तिथं ‘वसुली करणारे तुम्हाला कालामोन्ताइ’, म्हणजे सरव्यासारखं वेचतात, असं म्हटलंय. क्रियापद कालामाओमाइ, ते ‘कालामे’वरून आलेलं. कालामे म्हणजे कापणीनंतर रानात उरलेलं काड, धसकट. म्हणून अर्थ सरवा वेचणे.

रूप मी असं सोडवलं: वर्तमानकाळ, तृतीय पुरुष, अनेकवचन, आ आणि ओ मिळून दीर्घ ओ. क्रियापद आपल्या आत्मनेपदासारखं चालतं. बरोबर आहे का?

खरी अडचण अर्थाची आहे. ‘अनुवाद’ या पुस्तकात २४:२० मध्ये हेच क्रियापद ऑलिव्हला लावलंय, आणि ऑलिव्हला काड कुठून येणार? ‘शास्ते’ या पुस्तकात २०:४५ मध्ये तर पळणारी पाच हजार माणसं अशी ‘वेचून’ मारलीत. उलट ‘रूथ’ या पुस्तकाची सगळी गोष्टच सरव्याची, पण तिथं साधं सुल्लेगो, ‘गोळा करणे’. आमच्याकडे ज्वारी निघाली की बायका-पोरं राहिलेली कणसं वेचायला जायची. सरवा म्हटलं की मला गरिबाचा हक्क आठवतो. यशयात मात्र वसुली करणारेच सरवा वेचताहेत. मराठीत काय लिहू?

प्रतिसाद:
रूप अगदी बरोबर. पुढच्या रूपांत आ चा ए होतो, तेवढं लक्षात ठेवा: भविष्यकाळ कालामेसोमाइ, अओरिस्ट (ग्रीकमधला साधा भूतकाळ) एकालामेसामेन. शास्तेमधलं एकालामेसान्तो त्यातलंच.

काडाचा संबंध मागं पडून ‘एकदा काढून झाल्यावर पुन्हा फिरून उरलंसुरलं घेणं’ एवढा अर्थ राहिला. म्हणून ते ऑलिव्हला चालतं, यिर्मया ६:९ मध्ये द्राक्षवेलीलाही चालतं. दया त्या क्रियापदात नाही. ती जुन्या करारातल्या नियमशास्त्रात आहे: उरलेलं परक्यासाठी, पोरक्यासाठी, विधवेसाठी सोडायचं.

यशयातला हिब्रू शब्द ‘मेओलेल’ दोन्हीकडे वळतो, ‘मूल’ आणि ‘सरवा वेचणारा’. बहुतेक भाषांतरांत ‘पोरं जुलूम करतात’ असं येतं, ग्रीक भाषांतरकारानं सरवा धरला. त्याचं कर्म ‘तुम्हाला’ आहे, म्हणजे लोक हेच उरलेलं पीक. मी ‘सरवा’ शब्द सोडणार नाही: ‘वसुली करणारे सरव्यासारखं तुम्हालाच वेचून नेतात.’