मदत हवी आहे : युद्धानंतर राबलेल्या कॅथलिक सिस्टर्सवर (नन्सवर) मराठीतून कोण बोलेल?

मंडळी, २ ऑक्टोबरला नागपूरच्या सदरमधल्या आमच्या वाचनालयात अहिंसेवर कार्यक्रम आहे. गांधीजींवर वक्ते मिळतातच, वर्धा शेजारी! मला कॅथलिक सिस्टर्सचं काम मांडायचंय. १९७१ च्या युद्धानंतर मदर तेरेसांच्या सिस्टर्सनी ढाक्यात अत्याचारित बायकांसाठी घर उघडलं. १९८२ मध्ये बैरूतच्या धुमश्चक्रीतून मदर तेरेसांनी रुग्णालयात अडकलेली ३७ मुलं बाहेर काढली. २०२१ मध्ये म्यानमारमध्ये सिस्टर ॲन रोझ नू तॉंग निदर्शकांवर गोळ्या झाडू नका म्हणत हत्यारबंद पोलिसांपुढे गुडघे टेकून बसल्या. आपल्याकडे याला नुसती ‘सेवा’ म्हणतात. त्यातला हिंसेला विरोध कुणी बोलत नाही.

निर्वासितांच्या छावणीत काम केलेल्या, मराठी बोलणाऱ्या सिस्टर नागपुरात कुणाच्या ओळखीच्या आहेत का? कॅथेड्रलमध्ये थेट जाऊन विचारावं की आधी पत्र द्यावं? मानधन जेमतेम, तर्री-पोहे मात्र नक्की.