उत्तर: कुठला क्लाउड सेफ?
फाइली इंटरनेटवर (क्लाउडवर) ठेवायला कुठली सर्व्हिस सेफ, या प्रश्नावर एकाने म्हटलंय की "कंपनी सांगते डेटा एन्क्रिप्टेड (किल्लीशिवाय वाचता न येणारा) आहे, मग टेन्शन कसलं". एन्क्रिप्टेड असतो हो, पण किल्ली कोणाकडे तेही बघा ना. गूगल ड्राइव्हच्या साध्या अकाउंटला किल्ली त्यांच्याकडेच असते, म्हणजे कुलूप आपलं नि चावी वॉचमनकडे. व्हॉट्सअॅपचंच घ्या, चॅट एंड टू एंड एन्क्रिप्टेड, म्हणजे पाठवणारा नि घेणारा सोडून कोणी वाचू शकत नाही, पण क्लाउडवरच्या बॅकअपला ती सोय २०२१ मध्ये आली आणि अजूनही सेटिंगमध्ये जाऊन स्वतः चालू करावी लागते, पासवर्ड ठेवा नाहीतर ६४ अंकी की.

मी गूगल ड्राइव्ह बदललंच नाही, क्रिप्टोमेटर नावाचं फाइल लॉक करणारं सॉफ्टवेअर टाकलं, लॅपटॉपवर फुकट आणि ओपन सोर्स (कोड कोणालाही बघता येतो) आहे, फाइल लॅपटॉपवरच लॉक होऊन मग ड्राइव्हवर जाते. बाबांचं आधार, पॅन, गावच्या जमिनीचे सातबारे सगळं त्यात. ब्राउझरमधून ड्राइव्ह उघडलं तर फाइलची नावंसुद्धा नुसती अगम्य अक्षरं दिसतात, बाबा घाबरले होते व्हायरस आला म्हणून! तोटा एवढाच की ड्राइव्हवर सर्च नि फोटोचा प्रिव्ह्यू चालत नाही. आणि क्रिप्टोमेटरचा पासवर्ड नि रिकव्हरी की (पासवर्ड विसरला तर वापरायची किल्ली) दोन्ही हरवलं तर कस्टमर केअरही काही करू शकत नाही, म्हणून आमची की कागदावर लिहून आईच्या कपाटात, रेशनकार्डाच्या पिशवीत आहे.