अनुभव धागा: कुत्रा चावला, मांजरीने ओरबाडलं, माकड अंगावर आलं... मग तुम्ही काय केलंत?

आमच्या हर्णे बंदरावर लिलाव उरकला की उरल्यासुरल्या मासळीवर कुत्र्यांची झुंबड उडते. मग कधी जाळी उचलणाऱ्याची पोटरी सापडते, कधी पाटीवालीचा हात. रेबीजची लक्षणं एकदा दिसली की माणूस वाचत नाही, आणि वेळेत नीट उपचार झाले तर रोग सहसा होतच नाही, हे बहुतेकांनी ऐकलेलं असतं. पण चावल्यापासून शेवटच्या सुईपर्यंत घरात नेमकं काय काय होतं, ते कुणी लिहून ठेवत नाही. तेवढंच इथे लिहा. कुत्र्यांना खायला घालावं की नाही, या वादासाठी एसटी स्टँड आहे.

खाडीकाठ, दाभोळ
पुतण्याला पोटरीला चावला तेव्हा लाईट नव्हती, पंप बंद. वहिनीने त्याला थेट विहिरीवर नेलं. एकजण रहाटाने पाणी काढतोय, दुसरा ओततोय, ती कपड्याच्या वडीने जखम धुतेय. घड्याळ लावून पंधरा मिनिटं. या विषाणूवर स्निग्ध आवरण असतं आणि साबणाने ते फुटतं, म्हणून नुसत्या पाण्यापेक्षा साबण महत्त्वाचा. अंगाचा की कपड्याचा याने फरक पडत नाही. शेजारचे आजोबा चुन्याची डबी घेऊन आले होते, त्यांना चहा देऊन ओटीवर बसवलं. चुना, तिखट, हळद, तंबाखू यांनी जखम चिघळते, विषाणू जात नाही. धुऊन झाल्यावर बीटाडीन लावलं आणि पट्टी न बांधता निघालो.

आरोग्यसेविका, रत्नागिरी तालुका
वर लिहिलंय तसं धुऊन येणारे फार कमी. त्याहून मोठा घोळ टीटीचा. "गावातल्या डॉक्टरकडे इंजेक्शन घेतलं" असं सांगतात, कागद बघावा तर धनुर्वाताचं. ते गरजेचं असतं, पण रेबीजशी त्याचा काही संबंध नाही. इंजेक्शन कसलं दिलं, हे तिथल्या तिथे विचारा.

सरकारी केंद्रात आम्ही लस कातडीत देतो, दोन्ही दंडांवर 0.1 मिली, मसुरीएवढा फुगवटा येतो. पहिला दिवस शून्य धरायचा, मग 3, 7 आणि 28. खाजगीत स्नायूत देतात तेव्हा 14 व्या दिवसाचाही डोस असतो, म्हणून कुणाच्या कार्डावर चार तारखा दिसतात आणि कुणाच्या पाच. दोन्ही बरोबर. कुल्ल्यावर मात्र ही लस कधीच घ्यायची नाही. तारीख चुकली तर पहिल्यापासून सुरू करावं लागत नाही, पण चुकवू नका. 28 व्या दिवसाला निम्मी माणसं गायब असतात, जखम सुकलेली असते ना! गरोदर बाईलाही लस देतात, अंगावर पाजणाऱ्या आईलाही.

सुरंगी, वेंगुर्ला
भाची अंगणात खेळत होती, गालावर चावलं. "घरचोच कुत्रो, तेका काय होता?" असं म्हणणारे चार जण लगेच जमले. जवळच्या दवाखान्यात लस होती, सीरम नव्हतं. तिथल्या डॉक्टरांनी लसीचा पहिला डोस दिला आणि म्हणाले, रक्त आलंय, तेही तोंडावर, सीरम आजच मिळायला हवं. रात्री गाडी करून मोठ्या रुग्णालयात गेलो.

हे सीरम म्हणजे तयार प्रतिपिंडं. लशीने शरीर स्वतःची प्रतिपिंडं करेपर्यंत आठवडा-दोन आठवडे जातात, तोवर विषाणू नसेतून मेंदूकडे सरकू नये म्हणून ते जखमेतच आणि तिच्या कडेने टोचतात. मात्रा वजनावर: माणसाच्या रक्तापासून केलेलं असेल तर किलोमागे 20 युनिट, घोड्याच्या रक्तापासूनचं असेल तर 40. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटचं प्रयोगशाळेत बनवलेलं प्रतिपिंडाचं इंजेक्शनही आता मिळतं. लहान पोराच्या गालात सुई जाताना बघणं सोपं नव्हतं, माझा भाऊ बाहेर जाऊन उभा राहिला. टाके त्यांनी मुद्दाम लगेच घातले नाहीत. पहिल्या दिवशी सीरम नाहीच मिळालं तर पहिल्या लसीपासून सात दिवसांपर्यंत देता येतं, म्हणून "आता उशीर झाला" म्हणून सोडून देऊ नये.

गोठा, लांजा
आमच्याकडे कुत्रा नव्हे, गाय. वैरण तोंडात घ्यायची पण गिळायची नाही, लाळ गळत होती, आवाज घोगरा झालेला. सगळ्यांना वाटलं घशात बाठ अडकली. गड्याने कोपरापर्यंत हात घालून पाहिलं. मग गुरांचे डॉक्टर आले, लांबूनच बघून म्हणाले, हात कुणीकुणी घातले ते आधी सांगा. काही आठवड्यांपूर्वी वाड्याशी कोल्हा आला होता, ते तेव्हा आठवलं. गाय गेली. गड्याच्या हाताला काजूच्या चिकाच्या जखमा होत्या, म्हणून त्याला लस आणि सीरम दोन्ही दिलं. दुधाचं विचारलं तर कळलं, उकळल्यावर विषाणू मरतो, चहा प्यायलेल्यांनी घाबरायचं कारण नाही. पण अशा जनावराचं दूध वापरायचंच नाही. गुराने गिळणं सोडलं तर तोंडात हात घालू नका हो. आमच्याकडे सगळे हेच करतात.

आप्पा, गुहागर
आमच्या वेळी पोटात चौदा सुया. मेंढीच्या मेंदूपासून केलेली लस होती ती. त्या धास्तीनेच लोक मांत्रिकाकडे पळत. ती 2005 च्या सुमारास देशात बंद झाली, तरी चौदाचा आकडा अजून लोकांच्या तोंडात आहे.

चाकरमानी, सध्या लालबाग
गणपतीला गावी चावलं, सुट्टी संपली. उरलेले डोस मुंबईत पालिकेच्या रुग्णालयात झाले, गावचं कार्ड दाखवलं की पुरलं.

माडवाला, देवगड
बागेत माकडाने बोचकारलं. "दहा दिवस जनावरावर लक्ष ठेवा" हा नियम फक्त कुत्र्या-मांजराचा, आणि तेव्हाही लस थांबवायची नसते, लक्ष ठेवत ठेवत घ्यायची. दहा दिवसांनी जनावर धडधाकट असेल तर पुढचं डॉक्टर ठरवतात. माकड काय, ते कलमावरून पसार!

खाडीकाठ, दाभोळ
सेविकाताई, पुतण्याला परवा पुन्हा मांजरीने ओरबाडलं. मागचा कोर्स पूर्ण झालाय. परत सगळं?

आरोग्यसेविका, रत्नागिरी तालुका
धुणं तसंच, पंधरा मिनिटं. सुया दोनच दिवस, शून्य आणि 3. सीरम लागत नाही. जुनं कार्ड घेऊन आजच पाठवा.