ट्रायकेअर: रेफरल पाठवले, पण मंजुरीचे पत्र आले नाही. विशेषज्ञांना दाखवावे का?

पायदळ_सैनिक यांचा प्रश्न

नमस्कार. मी अमेरिकेच्या सैन्यात सक्रिय सेवेत असून ट्रायकेअर या सैनिक व त्यांच्या कुटुंबीयांसाठीच्या आरोग्य योजनेच्या ‘प्राइम’ प्रकारात आहे. हिवाळ्यातील सरावात पडल्यामुळे माझा उजवा खांदा दुखावला. फिजिओथेरपीने फरक पडला नाही, म्हणून तळावरील क्लिनिकमधल्या माझ्या प्रायमरी केअर मॅनेजरांनी (नेहमीच्या नेमून दिलेल्या डॉक्टरांनी) एमआरआय करून घेतला आणि ऑर्थोपेडिक सर्जनसाठी रेफरल, म्हणजे शिफारस, पाठवले. त्याला आता २२ दिवस झाले. आमच्या लष्करी रुग्णालयात त्या विभागाच्या तारखा नाहीत, एवढेच मला कळले आहे. शहरातील एका सर्जनच्या दवाखान्यात मी स्वतः चौकशी केली, तेव्हा पुढच्याच आठवड्यातील वेळ मिळू शकते, पण त्यासाठी ऑथरायझेशन (मंजुरी) नंबर लागेल, असे उत्तर मिळाले.

रात्री त्या कुशीवर झोपता येत नाही आणि आणखी किती थांबायचे हेही समजत नाही. एक सहकारी म्हणतो की पदरचे पैसे भरून एकदा दाखवून घ्यावे, पुढचे पुढे पाहता येईल. माझ्या पत्नीने गेल्या वर्षी रेफरल नसताना त्वचारोगतज्ज्ञांना दाखवले होते आणि त्या बिलाचा काही भाग ट्रायकेअरने दिला होता. मग मला तसे का करता येऊ नये? जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

जुना_मेडिक यांचे उत्तर

कृपया पदरचे पैसे भरून जाऊ नका. तुम्ही सक्रिय सेवेत आहात, त्यामुळे तातडीचा जीवघेणा प्रसंग सोडला तर मंजुरीशिवाय घेतलेल्या नागरी उपचाराचा संपूर्ण खर्च तुमच्यावर पडू शकतो. शिवाय सर्जनने शस्त्रक्रिया सुचवली, तर तिच्यासाठी मंजुरीची वाट तुम्हाला मुळापासूनच चालावी लागेल, म्हणजे वाचवलेले दिवस पुन्हा तिथेच जातील.

मी सेवेत असताना काही वर्षे रेफरलच्या टेबलावर काम केले आहे. तिथे रोज एकच गैरसमज दिसत असे. रेफरल म्हणजे तुमच्या डॉक्टरांची शिफारस आणि ऑथरायझेशन म्हणजे त्या शिफारशीला मिळालेली मंजुरी. क्लिनिकमधून ‘पाठवले’ असे सांगितले जाते ते पहिल्याविषयी, आणि रुग्ण मात्र दुसरे झाले असे समजून घरी जातो. मधल्या टप्प्यात ती विनंती आधी लष्करी रुग्णालयाच्या रेफरल विभागाकडे जाते, कारण आपल्या रुग्णालयात ते उपचार होऊ शकत असतील तर रुग्ण स्वतःकडे ठेवण्याचा पहिला अधिकार रुग्णालयाला असतो. तिथे जागा नाही असे ठरल्यावरच ती विभागीय कंत्राटदाराकडे, म्हणजे त्या विभागात ट्रायकेअरचे काम पाहणाऱ्या खासगी कंपनीकडे, सोपवली जाते. पूर्व विभागात हे काम ह्युमाना मिलिटरीकडे आहे, तर पश्चिम विभागात १ जानेवारी २०२५ पासून ट्रायवेस्टकडे आहे. त्याच दिवशी टेक्सास, इलिनॉय, विस्कॉन्सिन, ओक्लाहोमा, आर्कान्सा आणि लुइझियाना ही सहा राज्ये पूर्व विभागातून पश्चिम विभागात गेली, हेही लक्षात ठेवा, कारण चुकीच्या कंत्राटदाराच्या पोर्टलवर शोधल्यास काहीच सापडत नाही.

म्हणून उद्या सकाळी फोन करताना ‘माझ्या रेफरलचे काय झाले’ असा मोघम प्रश्न विचारू नका. रेफरल कोणत्या तारखेला गेले, ते रुग्णालयाने ठेवून घेतले की बाहेर सोपवले, आणि बाहेर सोपवले असल्यास कोणत्या डॉक्टरांच्या नावाने मंजूर झाले, हे तीन प्रश्न रेफरल विभागाला विचारा. प्राइममध्ये विशेषज्ञांची भेट २८ दिवसांच्या आत आणि सर्वसाधारणपणे गाडीने एका तासाच्या अंतरात मिळावी, असा ट्रायकेअरचा निकष आहे. तुमचे २२ दिवस झाले आहेत, हे आकडा सांगूनच बोला. उत्तर समाधानकारक नसेल तर रुग्णालयातील पेशंट ॲडव्होकेटना, म्हणजे रुग्णांच्या अडचणी सोडवणाऱ्या अधिकाऱ्यांना, प्रत्यक्ष भेटा. त्यांचे कामच ते आहे, त्यामुळे संकोच करण्याचे कारण नाही.

हात बधिर होऊ लागला किंवा हाताची ताकद कमी झाल्यासारखे वाटले, तर ते त्याच दिवशी प्रायमरी केअर मॅनेजरांना कळवा. बदललेल्या लक्षणांच्या आधारे त्यांना रेफरलची निकड वाढवता येते.

छावणीतील_घर यांचे उत्तर

तुमच्या पत्नीच्या बाबतीत जे झाले त्याला पॉइंट ऑफ सर्व्हिस म्हणतात. प्राइममधील कुटुंबीयांना रेफरलशिवाय जाता येते, पण त्यासाठी एका व्यक्तीमागे वर्षाला ३०० डॉलर आणि कुटुंबामागे ६०० डॉलर आधी स्वतः भरावे लागतात आणि त्यानंतरही मान्य दराचा निम्मा खर्च आपल्याकडे राहतो. मी हे माहीत नसताना एकदा गेले होते आणि बिल पाहून फार मनस्ताप झाला होता. सक्रिय सेवेतील व्यक्तीला तर हा पर्यायच उपलब्ध नाही. एक विनंती आहे, डिअर्स या सैनिक व कुटुंबीयांच्या नोंदणी यंत्रणेतील आपला पत्ता तपासून पाहा. आमची बदली झाल्यावर आमचे मंजुरीपत्र जुन्या पत्त्यावर गेले होते आणि आम्ही व्यर्थ वाट पाहत बसलो होतो.

रात्रपाळी यांचे उत्तर

वरील सर्व माहिती योग्य आहे. एक भर घालतो. पत्र हाती आल्यावर त्यातील मजकूर शब्दशः वाचा, कारण मंजुरी ठरावीक डॉक्टरांसाठी, ठरावीक भेटींसाठी आणि ठरावीक मुदतीसाठी असते. ‘तपासणी’ एवढेच मंजूर असेल तर शस्त्रक्रियेसाठी पुन्हा मंजुरी लागते. तसेच नागरी सर्जनने वजन उचलू नका असे लिहून दिले, तरी तुमच्या तुकडीसाठी ते बंधनकारक ठरत नाही. लष्करी डॉक्टरांनी ते प्रोफाइलमध्ये, म्हणजे सैनिकाच्या शारीरिक मर्यादांच्या अधिकृत नोंदीत, लिहिल्यावरच ते लागू होते. त्यामुळे सर्जनचा अहवाल क्लिनिकपर्यंत पोहोचला की नाही, याचा पाठपुरावा तुम्हीच करा. माझा अहवाल पोहोचला नव्हता आणि त्या काळात मी दुखऱ्या गुडघ्याने धावत राहिलो.

पायदळ_सैनिक यांचे उत्तर

सर्वांचे मनापासून आभार. आज रेफरल विभागात प्रत्यक्ष जाऊन ते तीनही प्रश्न विचारले. मंजुरी नऊ दिवसांपूर्वीच झाली होती आणि पत्र खरोखरच माझ्या आधीच्या पत्त्यावर गेले होते. मात्र मंजुरी हाताच्या शस्त्रक्रियांच्या तज्ज्ञांच्या नावाने होती. कंत्राटदाराला फोन करून खांद्याच्या सर्जनचे नाव बदलून घेतले आणि पोर्टलवरून नवे पत्र छापून घेतले. त्यात एक तपासणी आणि दोन पुढील भेटी आहेत. मंगळवारची वेळ मिळाली आहे. एमआरआयच्या प्रतिमा सर्जनकडे आपोआप जातात का?

जुना_मेडिक यांचे उत्तर

त्यावर विसंबून राहू नका. सोमवारी रेडिओलॉजी विभागातून सीडी मागून घ्या, लेखी अहवालाची प्रत सोबत घ्या आणि दोन्ही स्वतःच्या हाताने सर्जनकडे द्या.